आठ चेंडूंचा निकाल

वऱ्हाडात मी गेलो तो एका माणसाचा उजवा हात पाहायला. हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला ज्योतिषी समजून स्वतःचाही हात पुढे केला, म्हणून आधीच खुलासा करतो. मी पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षं पी. टी. शिकवली आणि जवळपास तेवढीच वर्षं बेसबॉल खेळलो आणि शिकवला. निवृत्तीनंतर परदेशातल्या एका लहानशा व्यावसायिक लीगसाठी इकडचे खेळाडू पाहून अहवाल पाठवतो. बेसबॉल म्हटलं की लोकांना परदेश आठवतो, पण आपल्याकडे तो जिल्ह्याजिल्ह्यात खेळला जातो, आणि अमरावती-अकोल्याकडे तर चांगलाच खेळला जातो.

यंदा लीगला एक रिलिफ पिचर हवा होता. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. सामना सुरू करतो तो मुख्य पिचर, आणि तो थकल्यावर त्याच्या जागी येतो तो रिलिफ. सोप्या भाषेत, दुसऱ्याने घातलेला गोंधळ निस्तरायला ज्याला हाक मारतात तो. मैदानातल्या तीन टप्प्यांवर, म्हणजे बेसवर, तीन गडी धाव काढायला टपलेले असतात, लोक ओरडत असतात, आणि ह्याने शांतपणे येऊन चेंडू हातात घ्यायचा असतो. जागा एकच होती आणि नावं दोन. एक दक्षिणेकडचा खेळाडू होता, तो दुसऱ्या कोणीतरी पाहिला होता. दुसरा बाळापूरचा नदीम, वय पंचवीस. तो माझ्या वाट्याला आला.

अमरावती, गुरुवार

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा सकाळचे आठच वाजले होते, तरी ऑटोतली रेक्झिनची गादी तापली होती. फेब्रुवारी संपत होता. पुण्यात मी स्वेटर घालून निघालो होतो. ऑटोवाल्याने आरशातून त्या स्वेटरकडे दोनदा पाहिलं आणि विचारलं, "काका, तब्येत बरी नाही काय?" मी स्वेटर पिशवीत कोंबला, तो परत पुण्यातच बाहेर काढला.

मैदानावर अकोल्याचा संघ अमरावतीशी खेळत होता. अकोल्याचे प्रशिक्षक वाकोडे सर हे गोल चेहऱ्याचे, सतत सुपारी कातरणारे गृहस्थ. त्यांनी मला झाडाखालची प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि बाकावर बसलेला नदीम दाखवला. उंच, सडपातळ, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घालून बसलेला. परीक्षेच्या वर्गाबाहेर मुलं बसतात तसा. मुख्य पिचर होता प्रमोद इंगळे, पस्तिशीचा, आडव्या बांध्याचा. पंधरा वर्षं अकोल्यासाठी तोच टाकतो. सगळे त्याला भाऊ म्हणतात, वाकोडे सरसुद्धा.

सामना नऊ इनिंगचा, म्हणजे नऊ डावांचा. सहाव्या इनिंगपर्यंत प्रमोदने तो हातात ठेवला. सातव्यात त्याचा खांदा उतरला. एक गडी बेसवर गेला, मग दुसरा. मी नदीमकडे पाहिलं. तो तसाच हात गुडघ्यांत घालून बसलेला. तिसराही गेला, तिन्ही बेस भरले. तेव्हा प्रमोदने टोपी काढून कपाळ पुसलं आणि बाकाकडे बोट केलं. नदीम उठला, धावत गेला. पंच देतात तेवढे पाच-सहा सरावाचे चेंडू त्याने टाकले आणि खेळ सुरू झाला.

माझी एक बढाई आहे, ती इथे कबूल करायला हवी. पिचर आठ चेंडूंत कळतो, असं मी पुण्यात वर्षानुवर्षं सांगत आलो. नदीमने पहिले चार चेंडू बाहेर टाकले. बॅटरला फुकट बेस मिळाला, तिन्ही गडी एकेक बेस पुढे सरकले आणि एक धाव गेली. पुढच्या चार चेंडूंतला शेवटचा मधोमध पडला, तो सणसणीत मारला गेला आणि दोन धावा गेल्या. माझ्या स्पीड गनवर ताशी एकशे तेवीस किलोमीटरच्या वर काही उमटलं नाही. आठ चेंडू झाले होते. पहाटेपासून पोटात फक्त गाडीतला चहा होता. मी खुर्चीवर वही ठेवली आणि मैदानाबाहेर गिला वडा मिळतो असं ऐकलं होतं तिकडे चालू लागलो.

गिला वडा हा आपल्या दहीवड्याचा दांडगा चुलतभाऊ. भिजून मऊ झालेले वडे, वर दही, त्यावर गोड चटणी, आणि त्यावर एक हिरवी चटणी, जिच्याबद्दल मला कोणी सावध केलं नाही. "तिखट कमी द्या," असं मी म्हणालो होतो. वडेवाल्याने त्याच्या हिशेबाने कमीच दिलं असणार. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला उचकी. मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि उचकी थांबेपर्यंत दुकानाच्या फळीवर बसून राहिलो. बसल्या बसल्या लीगच्या मुंबईतल्या समन्वयकाला प्राथमिक मत पाठवून टाकलं: वेग कमी, नियंत्रण नाही, पस्तीस.

हे गुण समजावून सांगतो. आमच्या कामात वीसपासून ऐंशीपर्यंत गुण देतात. पन्नास म्हणजे त्या लीगमध्ये नियमित खेळायच्या लायकीचा. पस्तीस म्हणजे घरी बसा.

परत आलो तर अकोल्याची पोरं एकमेकांच्या पाठी थोपटत होती. सामना त्यांनी जिंकला होता. मी वाकोडे सरांना विचारलं, कसा काय?

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "कसा काय म्हंजे? तुमी पाह्यलं नाही काय?"

"मी जरा बाहेर होतो."

"त्याच्या बाद त्यानं नऊ बॅटर घेतले अन् नऊच्या नऊ आऊट केले न. कोनी बेसवर पाय नाही ठेवला." त्यांनी धावफलकाची वही माझ्यापुढे सरकवली. नऊ चौकटी, नऊ रेघा. "सर, तुमी कायसाठी आले होते मंग?"

पुण्यात असं कोणी विचारलं असतं तर मी उलट दोन शब्द सुनावले असते. इथे तोंडात अजून हिरवी चटणी होती आणि गरज मला होती. मी समन्वयकाला फोन केला, मत थांबवा म्हणालो. तो म्हणाला, "रविवारपर्यंत आकडे द्या, बघतो. पण तो दक्षिणेकडचा सही करायला तयार आहे."

अकोला, शुक्रवार

प्रमोद इंगळे अकोल्यात जठारपेठेत राहतो. खेळाडूंच्या कोट्यातून त्याला सरकारी नोकरी लागली त्याला दहा-बारा वर्षं झाली. बैठकीत बुद्धाची लहान मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि एका कपाटात चेंडू, ग्लोव्ह आणि मेडल्स एकत्र कोंबलेली. दुपारच्या जेवणाला पाटोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी आणि ज्वारीच्या भाकरी होत्या. वहिनींना माझ्या कालच्या उचकीची कथा आधीच कळलेली दिसली, कारण माझ्यासाठी वेगळी, फिकट भाजी होती. शेजारच्या पोरासाठी काढून ठेवतात तशी. मी अपमान गिळला आणि भाजीही. चव चांगली होती.

नदीमला चेंडू धरायला प्रमोदनेच शिकवलं, आणि गेली सहा वर्षं तो प्रमोदच्या मागे उतरतो. बाळापुराहून तो सायकलवर यायचा, हे सांगताना प्रमोद भाकर मोडायची थांबला. मी विचारलं, "तुमच्या मागे तो उतरतो तेव्हा त्याचा हात थंड असतो. आधी गरम का होत नाही?"

"त्याले जरूरत नाही. थो असाच आहे. कवा बी बलावा."

"काल पहिले आठ चेंडू पाहिलेत ना?"

"भाऊ, थे तं दर डावालेच होते." तो हसला. "पयले आठ-दहा देवाले, मंग त्याचे."

मला हे उत्तर पटलं नाही. आमच्याकडे पुण्यात दुसरा पिचर पहिल्या इनिंगपासूनच मुख्य पिचरच्या डोळ्यांसमोर हात फिरवत उभा असतो, मुद्दाम, दिसेल असा. सहा वर्षं एक माणूस थंड हाताने मैदानात उतरतो आणि कोणी काही बोलत नाही, ह्याचं कारण आळस असू शकत नाही. मी प्रमोदला म्हणालो, उद्या तुम्हीही बाळापूरला चला.

बाळापूर, शनिवार

बाळापूर अकोल्याहून तासाभराच्या आत येतं. गावाला दोन नद्या आणि त्यांच्या मधल्या उंचवट्यावर विटांचा किल्ला. तो पाहायला म्हणून लोक येतात. मी तो लांबूनच पाहिला, कारण नदीमचे वडील दुकानाच्या पायरीवर माझी वाट पाहत उभे होते.

रहीमभाई गाद्या-रजया भरतात. दुकानात कापूस इतका की बोलताना आवाज बसल्यासारखा येतो. त्यांनी मला ताज्या भरलेल्या गादीवर बसवलं, चहा दिला आणि मग एक घडी केलेला कागद माझ्या हातात ठेवला. नदीमला खेळाडूंच्या कोट्यातून लिपिकाची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"सर, म्या शिकेल नाही. सीधी बात इचारतो," ते म्हणाले. "पोरगं म्हनते, लीगवाल्याइनं घेतलं तं नोकरी सोडतो. म्या रोकनार नाही. पन त्याले जमन का नाही, थे तुमाले कळते. मले खरं सांगजा. झूठी उमेद नका देऊ त्याले."

मी म्हणालो, खरंच सांगेन. तेव्हा ते मनापासून म्हणालो होतो.

मैदान नदीच्या बाजूला होतं, कडेला बाभळी. प्रमोदने कॅचरचा ग्लोव्ह चढवला आणि उकिडवा बसला. त्याचे गुडघे वाजलेले मला दहा पावलांवर ऐकू आले. मी नदीमला सांगितलं, घाई नाही, अंग पूर्ण तापेपर्यंत टाक, मग मला हात कर.

पंधरा मिनिटांनी त्याने हात केला. पहिला चेंडू एकशे चौतीस. मग सदतीस. मग पुन्हा सदतीस, आणि हा बॅटरच्या जागेपाशी येईपर्यंत सरळ होता, शेवटच्या हातभर अंतरात खाली बसला. प्रमोदचा ग्लोव्ह जमिनीला टेकला. असा चेंडू बॅटर मारतो तेव्हा तो जमिनीवरूनच घरंगळतो, आणि भरल्या बेसवर त्याहून चांगलं काही नाही. वीस चेंडूंत सोळा जिथे मागितले तिथे आले. दोष होते. संथ चेंडू टाकताना खांदा आधी उघडायचा, आणि गुरुवारी पाहिलं होतं, पहिल्या बेसवरच्या गड्याकडे तो पुरेसं लक्ष देत नव्हता. पंचविशीनंतर वेग फार वाढणारही नाही. फार मोठ्या लीगचा हा माणूस नव्हता. पण ज्या लीगसाठी मी आलो होतो तिथे दोन-तीन मोसम तो चांगला टिकला असता. मी वहीत पन्नास लिहिले आणि खाली रेघ मारली.

मग बाभळीखाली बसून मी त्याला सरळ विचारलं. "हेच गुरुवारी का नाही केलंस? भाऊ टाकत होते तेव्हा बाजूला उठून गरम का नाही झालास?"

नदीमने प्रमोदकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "भाऊ फेकून राहिले अन् म्या बाजूले उभा राहून हात फिरवू? लोक काय म्हनतीन? भाऊले वाटन, याले माही जागा पाह्यजे. ज्यायनं शिकवलं त्याइच्यासमोर असं नाही करता येत, सर."

प्रमोद ग्लोव्ह काढता काढता थांबला. "काय म्हनला?"

"खरं थे सांगतलं."

"अबे, म्या तुई वाट पाहो! तू उठत नाही, मले वाटे पोट्टा अजून तयार नाही. म्हनून म्या अजून एक बॅटर घेतो, अजून एक घेतो. खांदा तुटून राहिला माहा, अन् तू मान राखून राहिला?"

सहा वर्षं. एक उठत नव्हता कारण दुसऱ्याला वाईट वाटेल. दुसरा थांबत होता कारण पहिला उठत नव्हता. प्रत्येक वेळी तिन्ही बेस भरायचे, आणि मग प्रशिक्षकांपासून माझ्यापर्यंत सगळे म्हणायचे की नदीमचे पहिले आठ चेंडू वाईट असतात. हे सगळं केवळ तोंडाने बोलायचं राहिलं म्हणून. मला हसू आलं. ते दोघं मात्र हसले नाहीत. प्रमोद ग्लोव्हची दोरी ओढत म्हणाला, "उद्या आंधीच उठजो."

रहीमभाईंच्या घरी डाळ-मटणाचा दालचा आणि भात जेवलो. हात धुऊन फोन पाहिला तर समन्वयकाचा निरोप होता. दक्षिणेकडच्या खेळाडूने आज दुपारी सही केली. जागा भरली. तुमच्या पस्तीसनंतर आम्ही फार वाट पाहू शकलो नाही.

मी तो दोनदा वाचला. नदीम समोर बसून माझ्यासाठी संत्रं सोलत होता. त्याच्या हातात संत्र्याची फोड होती आणि मी त्याला काही सांगितलं नाही. उद्या सामना आहे, आज कशाला मन मोडा, असं मनाला समजावलं. दोन तासांपूर्वी ज्या गोष्टीला मी हसलो होतो, तीच मी केली.

अकोला, रविवार

रिलिफ पिचरची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. आज चांगलं टाकणारे पुष्कळ भेटतात; आज टाकून उद्या पुन्हा तसंच टाकणारे थोडे. मैदानावर मी गन घेऊन बसलो, तेव्हा माझ्या आकड्यांची कोणाला गरज उरली नव्हती हे मला एकट्यालाच माहीत होतं. बाकावरून नदीमने माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली. मला स्वतःची लाज वाटत होती.

पाचव्या इनिंगला तो उठला. आधी ग्लोव्ह हातात घेऊन नुसताच उभा राहिला, मग चार पावलं बाजूला गेला, मग आणखी चार. सगळा बाक त्याच्याकडे बघत होता. वाकोडे सरांचा अडकित्ता थांबला. मैदानाच्या मध्यावरून प्रमोदने हे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "अबे लाजून काहून राहिला! जोरात फेक न!"

सातवी इनिंग सुरू झाली. अकोला दोन धावांनी पुढे, प्रमोदचा हात अजून बरा होता. तो मध्यावर गेला, चेंडू हातात घोळवला, आणि एकही चेंडू न टाकता बाकाकडे बोट केलं. तिन्ही बेस रिकामे होते. नदीम आला तेव्हा प्रमोदने चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये ठेवला आणि मागे न पाहता चालत बाहेर आला. माझ्या शेजारी येऊन बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "रिकामे बेस त्याले पयल्यांदाच देल्ले."

मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. पहिल्या बॅटरला नदीमने चार चेंडू बाहेर टाकले. रिकाम्या बेसची त्याला सवयच नव्हती! बेसवर एक गडी जाऊन उभा राहिला, तेव्हा कुठे त्याचे खांदे सैल पडले. मग एकशे छत्तीस, सदतीस, सदतीस. चेंडू खाली बसायला लागला. शेवटच्या तीन इनिंगमध्ये त्याने एक धाव दिली आणि सामना जिंकून दिला. मी एका जागी बसून शेवटचा चेंडू पाहिला.

लोक पांगल्यावर मी दोघांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. सगळं. पस्तीस, गिला वडा, मत थांबवा म्हणून केलेला फोन, कालचा निरोप, आणि काल संध्याकाळी मी गप्प बसलो तेही.

प्रमोद उभा राहिला. "म्हंजे याचे नऊ आऊट झाले तवा तुमी वडा खात होते?"

"हो."

"पुन्याहून इतक्या दूर येऊन?" त्याचा आवाज चढला. "पंधरा मिंट बसवलं नाही तुमाले? याच्या बापाले काय सांगू म्या?"

नदीमने त्याच्या दंडाला हात लावला. "राहू द्या, भाऊ." मग खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. उठता उठता म्हणाला, "आता किती लिहिले?"

"पन्नास. खाली रेघ मारून."

"पन्नास म्हंजे खेळू शकतो?"

"खेळू शकतोस. तिथे, त्यांच्या लीगमध्ये, नियमित. आता तेच लिहून पाठवणार आहे, आणि पस्तीस ही माझी चूक होती असंही. यंदा त्याचा उपयोग नाही."

तो बाळापूरची बस पकडायला निघून गेला. त्या संध्याकाळी लॉजवर बसून मी अहवाल लिहिला, चार पानं. आयुष्यात इतका नीट अहवाल मी कधी लिहिला नव्हता. रहीमभाईंना फोन करून खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जमते म्हनले न? बस."

अकोला स्टेशन, सोमवार

सकाळी नदीम स्टेशनवर आला, हे मला अपेक्षित नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत प्लॅस्टिकची फाइल, त्यात सगळी प्रमाणपत्रं. दहाला कार्यालयात हजर व्हायचं होतं. शर्टाच्या बाहीवर कापसाचा एक पुंजका राहिला होता. मी तो काढला.

"समन्वयकाचं उत्तर आलं," मी म्हणालो. "पुढच्या मोसमाला पहिलं नाव तुझं धरतील, पण पुन्हा पाहायचं म्हणतात. मीच येईन, जर तुझी हरकत नसेल तर."

तो म्हणाला, "सुटी काढता येते नोकरीत, भाऊ म्हनत होते. म्या रोज टाकीन. हात गरमच राहीन." माझी पिशवी उचलून त्याने डब्यात ठेवली. "तुमी येजा. फक्त पुढच्या खेपेले शेवटलोक बसजा, सर."

बसेन, म्हणालो.